वाचक विचारतात : तिसऱ्या, खाडी आणि मोजमाप

मागच्या अंकात मी माझ्या कामाबद्दल थोडक्यात लिहिलं होतं. रत्नागिरीच्या आसपासच्या खाड्यांमध्ये तिसऱ्या, मुळे, कालवं, शिनाणे हे शिंपल्यांत राहणारे जीव किती आहेत, कशा वाढतात, कधी अंडी सोडतात हे तपासायचं, आणि त्या काढून पोट भरणाऱ्यांच्या पोटावर पाय न देता त्या खाडीत कशा टिकतील हे शोधायचं, एवढं ते काम. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. जे प्रश्न अनेकांनी विचारले आणि जे माझ्याच मनात घोळत असतात, ते निवडले आहेत.

प्रश्न : 'खाडीवर जाऊन नमुने घेते' असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे नक्की काय करता? — बीएस्सीचा विद्यार्थी, चिपळूण

माझा दिवस घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवतं. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं, तेव्हा आमच्या बाजूला पहाटे पाच-सहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली जातं. त्याआधी अर्धा तास मी खाडीवर पोचलेली असते. सामान अगदी साधं. प्लॅस्टिकच्या पाइपची अर्धा मीटर बाजूची चौकट, खुरपं, दोन चाळण्या, पिशव्या, पेन्सिलीने लिहायच्या चिठ्ठ्या (शाई पाण्यात फुटते), आणि पाण्याचा खारटपणा बघायचं रिफ्रॅक्टोमीटर. काठापासून पाण्यापर्यंत दोरी ताणायची, दर दहा मीटरवर चौकट टाकायची, आतली वीतभर खोल वाळू उपसून चाळायची, आणि चाळणीत राहील ते सगळं पिशवीत भरायचं. साबुदाण्याएवढी पिल्लंसुद्धा. ती सोडून चालत नाही, कारण पुढच्या वर्षीचा हंगाम त्यांच्यावरच उभा असतो.

मग प्रयोगशाळेत एकेक तिसरी कॅलिपरमध्ये धरून मापायची, आणि कुठल्या मापाच्या किती निघाल्या याचा आलेख काढायचा. एका महिन्याच्या आलेखावरून काही कळत नाही. बारा महिन्यांचे आलेख एकाखाली एक ठेवले की लहानांचा उंचवटा दर महिन्याला थोडा थोडा उजवीकडे सरकताना दिसतो. ते सरकणं म्हणजे वाढ. अनेक जण विचारतात, शिंपल्यावरच्या वळ्या मोजून वय नाही का सांगता येत? थंड समुद्रात झाडाच्या खोडासारखी वर्षाची वळी पडते. आपल्याकडे तसा हिवाळा नाही. जुलैतल्या गोड्या पाण्यानेही वळी पडते, मे महिन्याच्या उन्हात वाळू तापली तरी पडते. म्हणून आपल्या खाडीतल्या तिसरीचं वय वळ्यांवरून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात आवडतं काम त्यानंतरचं. तिसरी नर की मादी हे बाहेरून ओळखता येत नाही. ती उघडली की पायाच्या बुडाशी दुधी रंगाचा लगदा दिसतो. सुईच्या टोकावर मावेल तेवढा काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर समुद्राच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मादी असेल तर अंडी दिसतात. कच्ची अंडी पेरूच्या आकाराची आणि देठाशी चिकटलेली असतात, पिकली की सुटी होऊन गोल होतात. नर असेल तर भिंगाखालचं सगळं थरथरत असतं. एकोणीस वर्षं हे बघते आहे, तरी ती थरथर दिसली की शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही.

स्वयंपाकघरात आपण जिला 'भरलेली तिसरी' म्हणतो ती हीच. अंडी सोडायच्या ऐन तोंडावर ती सगळ्यात चविष्ट असते. सोडून झाली की मांस पातळ आणि पाणचट होतं. म्हणजे बाजाराला जी हवी, नेमकी तीच खाडीलाही हवी असते. माझं निम्मं काम या पेचाभोवती फिरतं.

प्रश्न : लहानपणी आणायचो त्या तिसऱ्या मोठ्या असायच्या. आता वाट्यात नखाएवढ्याही असतात. घ्याव्यात की नाही? — गृहिणी, डोंबिवली

नका घेऊ. इतकं स्पष्ट उत्तर मला फार थोड्या प्रश्नांना देता येतं.

तिसरीच्या जातीप्रमाणे मापं बदलतात, पण बाजारात उभं राहून जात कोण ओळखणार? म्हणून मी घरच्यांना एक सोपं माप सांगून ठेवलं आहे. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. वाट्यातल्या बहुतेक तिसऱ्या त्याच्याखाली झाकल्या जात असतील तर तो वाटा सोडायचा. त्याहून मोठी तिसरी निदान एकदा तरी अंडी सोडून आलेली असण्याची शक्यता चांगली असते. त्यातही तुमचाच फायदा आहे. लहान तिसरीत शिंपलाच जास्त असतो, साफ करायला वेळ तेवढाच लागतो आणि एकशिपी (एकाच शिंपीत मांस ठेवून करतात ती) करायला घेतली तर शिंपीत मांस शोधावं लागतं.

विकणाऱ्या बाईवर मात्र रागावू नका. "मावशी, मोठ्या असतील तेव्हा सांगा, मी दोन वाटे घेईन," एवढं म्हणा, आणि मोठ्या आल्या की खरंच दोन घ्या. गिऱ्हाईक काय उचलतं याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

प्रश्न : आमच्या खाडीत आता पूर्वीच्या निम्म्याही शिवल्या (तिसऱ्या) नाहीत. बायका ओरबाडून नेतात, असं इथले लोक म्हणतात. तुम्ही शास्त्रज्ञ सरळ बंदीची शिफारस का करत नाही? — निवृत्त शिक्षक, मालवण तालुका

गुरुजी, एकदा मी जवळजवळ तशीच शिफारस केली होती. ती हकीकत सांगते.

कामाला लागल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी एका खाडीतल्या तिसऱ्यांच्या काढणीचा हिशोब मांडला. महिन्यातून दोनदा, उधाणाच्या ओहोटीला, मी तिथे जात होते. किती बायका आल्या, प्रत्येकीने किती पाट्या भरल्या, सगळं लिहून घ्यायचे. त्यावरून महिन्याचा आणि वर्षाचा आकडा काढला. आकडा भयंकर निघाला. खाडीत जेवढ्या तिसऱ्या होत्या त्याच्या मानाने काढणी कितीतरी जास्त दिसत होती. मी अहवालाचा कच्चा मसुदा केला आणि त्यात लिहिलं की काढणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आणावी.

मसुदा पुढे पाठवण्याआधी बायकांना वाचून दाखवावा, असं का कोण जाणे वाटलं. देवळाच्या पडवीत बसून वाचला. एका वयस्क काकींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाय, तू उधाणालाच येतंस. एकदा भांगाला ये, मग बग किती गावतात त्या."

अष्टमीच्या सुमाराला मी गेले. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं उतरतच नाही. ज्या पट्ट्यावर मी चौकटी टाकत होते, तो कमरेच्या वर पाण्याखाली होता. पंचवीसपैकी सहा बायका आल्या होत्या. काठालगत पायाच्या बोटांनी वाळू चाचपत होत्या आणि दोन तासांत एकीचीही पाटी भरली नाही. मी मात्र उधाणाच्या सर्वांत चांगल्या दिवसाचं माप घेऊन त्याला तीसने गुणलं होतं. तो अहवाल तसाच गेला असता तर पन्नाशीच्या पुढच्या, दुसरं काही काम मिळत नसलेल्या बायकांची चूल माझ्या गुणाकाराने विझली असती. तेव्हापासून कुठलाही आकडा मी आधी खाडीवर वाचून दाखवते, मगच त्याच्यावर सही करते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. शिवल्या कमी झाल्या हे तुमचं निरीक्षण मी खोटं म्हणत नाही. पण कारण शोधताना पहिली नजर काढणाऱ्या बाईवर जाते, कारण ती दिसते. वाळू उपसणारा सक्शन पंप रात्री येतो आणि एका रात्रीत वाळूचा तो थरच घेऊन जातो ज्यात तिसरी रुतून बसते. शहराचं सांडपाणी ज्या नाल्यातून येतं तो नाला कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. वरच्या डोंगरात रस्त्यासाठी तोडलेली माती पहिल्या पावसात खाली येते आणि वाळूवर गाळाचा थर बसवते. तिसरी पाणी गाळून खाते, तिच्या कल्ल्यांत गाळ भरला की ती उपाशी राहते. मोठ्या पावसात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं. तेव्हा तिसऱ्या शिंपले घट्ट मिटून दिवसच्या दिवस तग धरून बसतात, पण पाणी वेळेत खारट झालं नाही तर पट्टेच्या पट्टे मरतात. हे सगळं मोजल्याशिवाय एकट्या बाईच्या पाटीला दोष देणं शास्त्रात बसत नाही, आणि मला ते न्यायाचंही वाटत नाही.

काढणीचा काहीच परिणाम नसतो असंही नाही. तिसऱ्यांचं फलन पाण्यात होतं. नर आणि मादी आपापलं बीज पाण्यात सोडतात आणि ते योगायोगाने भेटतं. मादी लाखोंनी अंडी सोडते, पण जवळपास नरच नसेल तर ती सगळी वाया. म्हणून खाडीभर विरळ पसरलेल्या हजार तिसऱ्यांपेक्षा एका जागी दाट बसलेल्या हजार तिसऱ्या कितीतरी जास्त पिल्लं देतात. यातून मार्ग निघतो. सगळी खाडी बंद करायची गरज नसते, पण एखादा दाट पट्टा हात न लावता राखावा लागतो, आणि तोही योग्य महिन्यांत. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी इथे उपयोगाची नाही. ती यांत्रिक होड्यांसाठी आहे, आणि मी तपासलेल्या खाड्यांत तिसऱ्या मुख्यतः पाऊस ओसरून पाणी पुन्हा खारट झाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे अंडी सोडायला लागतात.

त्याच खाडीत आता बायकांनी स्वतः मधल्या वाळूच्या बेटाचा एक पट्टा दिवाळी ते होळी सोडून द्यायचं ठरवलं आहे. जागा मी सुचवली नाही. मी दाखवली होती ती दुसरी होती, पण त्या जागेवरूनच पलीकडे जायची वाट आहे, आणि वाटेत दिसलेली तिसरी कोण सोडणार, असं त्यांनी मला समजावलं. खुणेला चार काठ्या रोवल्या आहेत. गेल्या दोन हंगामांत त्या पट्ट्याच्या आसपासच्या चौकटींत साबुदाण्याएवढी पिल्लं जास्त मिळाली. दोन हंगामांवरून मी निष्कर्ष काढणार नाही, पण त्या मला प्रत्येक वेळी विचारतात, "यंदा किती?" आणि मी चाळणी त्यांच्या हातात देते.

प्रश्न : नौदलातल्या नोकरीमुळे आम्ही कोचीत राहतो. केरळच्या एका सरोवरातल्या तिसऱ्यांना आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाल्याचं इथे कळलं. मग आपल्या कोकणात का नाही? — एक वाचक, कोची

तुम्ही ऐकलंत ते कोल्लमचं अष्टमुडी. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतलं, साठेक चौरस किलोमीटरचं खारं सरोवर. तिथली पिवळ्या पायाची तिसरी, शास्त्रीय नाव पाफिया मलबारिका, आपल्याकडेही मिळते. १९८०च्या दशकात तिचं मांस गोठवून परदेशी पाठवायला सुरुवात झाली. १९९१मध्ये काढणी वर्षाला सुमारे दहा हजार टनांवर पोचली आणि १९९३मध्ये निम्म्यावर आली. लोक घाबरले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे अभ्यास केला होता, त्यावरून नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात काढणी बंद. जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचं माप, ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. आणि गोठवलेल्या मांसाच्या एका किलोत १,४००पेक्षा जास्त नग नकोत.

हा तिसरा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो. मांस किलोवर जातं. नग जास्त निघाले म्हणजे तिसऱ्या लहान होत्या, हे काट्यावरच कळतं. सरोवरात रात्री गस्त घालायला नको, होडीहोडीत पट्टी घेऊन फिरायला नको. निर्यातदार लहान माल उचलत नाही, म्हणून काढणारा लहान काढत नाही. पुढे नोव्हेंबर २०१४मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या टिकाऊ मासेमारी तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं. भारतातल्या कुठल्याही मासेमारीला मिळालेलं ते पहिलं. सुमारे तीन हजार लोकांची रोजीरोटी त्या तिसऱ्यांवर होती.

मी तिथे गेले तेव्हा दळवापुरमच्या बाजूला एका घराच्या अंगणात तासभर बसले होते. पुरुष पहाटे होडीतून तिसऱ्या घेऊन आले होते. बायकांनी मोठ्या पातेल्यात त्या उकडल्या, चाळणीवर आपटून मांस वेगळं केलं. शिंपल्यांचा ढीग चुन्यासाठी बाजूला. माझ्याशी भाषा जुळत नव्हती, पण एकीने ओंजळभर मांस माझ्यापुढे धरून बोटांनी मोजून दाखवलं. १,४००चा आकडा तिला पाठ होता.

आता कोकणात का नाही ते सांगते. आपली तिसरी निर्यातीला जात नाही, ती वाट्यावर विकली जाते. मूठभर ढीग, ठरलेली किंमत. वाट्याला किलो नाही, नगांची मोजणी नाही, मध्ये निर्यातदारही नाही. अष्टमुडीचा नियम जिथे पकड घेतो तो खिळाच आपल्याकडे नाही. प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदपत्रं हा भाग वेगळाच. म्हणून मी आपल्या खाड्यांत प्रमाणपत्राच्या मागे नाही. आपल्याकडे नियमाला पकडायची जागा चाळण आहे. लाकडी चौकटीला योग्य आसाचं जाळं ताणून केलेली चाळण पाण्यातच हलवायची. लहान तिसऱ्या तिथल्या तिथे खाली पडतात आणि पुन्हा वाळूत शिरतात. घरी नेऊन निवडून टाकलेल्या मात्र मरतात. आमच्या बायकांनी चाळण स्वीकारली, कारण पाटी हलकी होते आणि घरी निवडायचा वेळ वाचतो. खाडी वाचते हे कारण त्यांच्या यादीत खाली होतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

अष्टमुडीचं पुढचं दुःखही सांगायला हवं. दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा मायटेला नावाचा एक शिनाणा तिथे शिरला आणि गालिच्यासारखा तळावर पसरला. असे जीव जहाजांच्या बुडाला चिकटून एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जातात. तळ व्यापला की तिसऱ्यांना जागा उरत नाही. लोकांनी सगळे नियम पाळले तरी असं संकट येऊ शकतं. म्हणून कालवाच्या शिंपल्यावर किंवा होडीच्या बुडाला अनोळखी, दाट झुपक्याने बसलेला काळसर शिनाणा दिसला, तर फोटो काढून जवळच्या मत्स्य कार्यालयाला जरूर दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात शिंपल्या खाऊ नयेत असं आजी सांगायची. त्यात तथ्य आहे का? एरवी तरी खाव्यात का? — पुणे

आजीचं बरोबर होतं. पावसात सगळी घाण वाहून खाडीत येते, आणि तिसरी दिवसभर पाणी गाळत बसलेली असते. पाण्यात जे असेल ते तिच्यात साठतं.

दोन वेगळे धोके आहेत, ते एकत्र करू नका. पहिला जंतू आणि विषाणूंचा. १९८८मध्ये शांघाय शहरात अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांतून कावीळ पसरली आणि सुमारे तीन लाख लोक आजारी पडले. यावर उपाय आपल्या हातात आहे. नीट शिजवा. वाफ आली, शिंपला उघडला, की लगेच उतरवू नका, झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं चांगलं उकळू द्या. कच्ची कालवं लिंबू पिळून खाण्याची हौस आता हॉटेलांतून पसरते आहे. ज्या खाडीचं पाणी नियमित तपासलं जात नाही तिथली कालवं मी स्वतः कच्ची खात नाही.

दुसरा धोका शिजवून जात नाही. समुद्रात काही सूक्ष्म शैवालं अचानक फोफावतात आणि त्यांचं विष शिंपल्यात उतरतं. १९९७च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या विळिंजमला असे शिनाणे खाऊन सात जणांचा जीव गेला. ओठ, जीभ, बोटं बधिर व्हायला लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि शिंपल्या खाल्ल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. श्वासाचे स्नायू काम करेनासे होतात, पण वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. खाडीचं पाणी लाल, तपकिरी किंवा विचित्र हिरवं दिसत असेल तर त्या दिवसांत शिंपल्या काढू नका आणि खाऊ नका. युरोपात हे विष एका किलो मांसात ८०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की काढणी बंद करतात. त्यासाठी ठराविक दिवसांनी नमुने तपासले जातात. आपल्या किनाऱ्यावर काढणाऱ्या बायकांनाही अशी तपासणी मिळायला हवी, असं मी दर बैठकीत मांडते. ती मिळेपर्यंत मांडत राहीन.

एरवी खाव्यात का? अवश्य खा. जिवंत घ्या. उघडी तिसरी टिचकी मारल्यावर मिटत नसेल तर टाकून द्या.

प्रश्न : खाडीत शिनाण्यांची शेती करायची इच्छा आहे. जमेल का? — तरुण, देवगड

जमेल, पण विकत घेणारा आधी शोधा आणि दोरी नंतर टाका. केरळात कासरगोडच्या पडण्ण्याला १९९०च्या दशकाच्या मध्यापासून बायकांच्या गटांनी दोरीवरची शेती केली, आणि सिंधुदुर्गातही बचत गटांनी कालवं आणि शिनाण्यांचे प्रयोग केले आहेत. त्यांना जाऊन भेटा.

सगळं गणित पावसाचं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात बी, म्हणजे शिनाण्यांची पिल्लं, दोरीला बांधायचं आणि मे संपायच्या आत काढायचं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खारटपणा पडला की पीक एका आठवड्यात जातं. आणखी एक गोष्ट. बी खडकावरून खरवडून आणणार असाल तर त्या खडकावर पिढ्यान्‌पिढ्या शिनाणे काढणारं कोणीतरी आहे. त्यांना विचारा. शक्य असेल तर त्यांनाच भागीदार करा.

प्रश्न : बारावीला आहे. मला तुमच्यासारखं काम करायचं आहे. घरी म्हणतात, शिंपल्या मोजायला एवढं शिकायचं? काय शिकू? — विद्यार्थिनी, लांजा

तुझ्या घरापासून फार लांब जायची गरज नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१पासून. तिथे बारावी विज्ञाननंतर बीएफएससी, म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, करता येते. नागपूर आणि उदगीरलाही महाविद्यालयं आहेत. पुढे एमएफएससी आणि पीएचडीसाठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. केंद्राच्या संशोधन संस्थांत शास्त्रज्ञ व्हायचं तर कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची परीक्षा द्यावी लागते. प्राणिशास्त्रात बीएस्सी करूनही या वाटेवर येता येतं, माझ्या गटातल्या दोघी तशाच आल्या.

पुस्तकांत नसलेल्या तीन गोष्टी सांगते. संख्याशास्त्राला घाबरू नकोस. तीसने गुणायचं की नाही, ही माझी चूक तू वर वाचलीच असशील, आणि तिथे मला कोणी जीवशास्त्र कमी पडलं असं म्हणणार नाही. दुसरं, पोहायला शीक. चिखलात कमरेपर्यंत रुतलेल्या मुलीला मी स्वतः बाहेर ओढलं आहे. तिसरं, तुझ्या ओळखीत कोणी शिंपल्या काढायला जात असेल तर तिच्याबरोबर एका हंगामात दहा वेळा जा. पाच वेळा उधाणाला, पाच वेळा भांगाला. वही ने. तारीख, तिथी, किती वेळ, किती वजन, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी तिसरी, एवढंच लिही.

घरच्यांना सांग की आपल्या खाड्यांमधून हाताने किती शिंपल्या निघतात याची नोंद फारशी कुठे होत नाही. मासे बंदरावर उतरतात, तिथे मोजले जातात. तिसऱ्या पाटीतून थेट घरी किंवा बाजारात जातात. नोंद नसल्यामुळे वाळूचा परवाना देताना किंवा जेटी बांधताना 'इथे मासेमारी नाही' असं लिहिलं गेलेलं मी वाचलं आहे, त्याच जागेबद्दल, जिथे मी आदल्या दिवशी एकवीस बायका पाण्यात उभ्या असलेल्या मोजल्या होत्या. तुझी वही भरली की ती झेरॉक्स करून ठेव, आणि मूळ वही तुझ्या त्या मावशीला दे.